होडीच्या पोटातलं पाणी

फायबरच्या होडीत शिरलेलं पाणी दिसत नाही. लाकडी होडीचं बरं असतं, तळाशी साचलेलं पाणी डोळ्यांना दिसतं, डबा घेऊन उपसता येतं. लहान शर्यतीच्या होड्या मात्र दोन कवचांच्या असतात. खाली तळ, वर डेक, दोन्ही कडेने चिकटवलेले आणि मध्ये बंद पोकळी. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून त्या पोकळीत फोमचे ठोकळे बसवलेले असतात. याच पोकळीत पाणी शिरलं की ते फोमच्या मागे, डोलकाठी ज्या नळीत उभी राहते तिच्या बुडाशी, नाळेच्या म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या अरुंद कोपऱ्यात जाऊन बसतं. तिथे हात पोचत नाही आणि होडी वाकडीतिकडी केली तरी ते बाहेर येत नाही.

माझी भाची मुंबईत शिडाची होडी चालवायला शिकते आहे. तिने तिथल्याच एकाकडून जुनी लेझर विकत घेतली. एका माणसाने चालवायची, सव्वाचार मीटरच्या आसपास लांबीची ही होडी. ब्रूस कर्बी या कॅनेडियन माणसाने ती १९७० च्या सुमारास रेखाटली. १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे, आता तिला इल्का म्हणतात. आपला विष्णू सरवणन टोकियोत आणि पॅरिसमध्ये याच वर्गात उतरला होता. होडी दिसायला ठीक होती, पण पाण्यात जड चालायची आणि किनाऱ्यावर हलवली की पोटात खुळखुळ आवाज यायचा. मुंबईत ती सुकवायला जागा नाही आणि हवाही नाही. आमच्या धायरीच्या घराला अंगण आहे आणि पुण्याचा एप्रिल आहे. "मामा, तुझ्याकडे आणू का?" असं तिने विचारलं आणि होडी एका पिकअपमध्ये बांधून घाट चढून वर आली.

सगळ्यात आधी वजन केलं. हे काम कुणी करत असेल तर त्याला माझं पहिलं सांगणं हेच राहील, की काट्याशिवाय सुरुवात करू नका. लेझरच्या नुसत्या सांगाड्याचं, म्हणजे डोलकाठी-शीड सोडून, वजन ५९ किलोच्या आसपास असतं. त्याच्या वर जेवढं भरेल त्यात थोडं जुन्या डागडुजीचं, बाकी पाणी. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सरळ आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याकडून हुकाचा डिजिटल काटा मागून आणला. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला चेन पुली होतीच. होडीला दोन पट्टे घातले, एक डोलकाठीच्या भोकापाशी, दुसरा बसायच्या खोलगट जागेच्या मागच्या टोकाला. पट्ट्यांच्या जागा डेकवर चिकटपट्टीने खुणावून ठेवल्या. आधी पुढचा पट्टा काट्यावर आणि मागचा भाग टेकूवर, मग उलट. दोन्हींची बेरीज म्हणजे पूर्ण वजन. असं दोन भागांत मोजायचा खरा फायदा वेगळाच आहे, पाणी पुढे आहे की मागे ते कळतं. पुढे ३८.२ आणि मागे ३२.३, एकूण साडेसत्तर किलो. म्हणजे शर्यतीच्या होडीत दहा-अकरा किलो ओझं बसलेलं होतं.

मागच्या फळीवरचा ड्रेन प्लग काढला, नाळ उंच केली, तर जेमतेम पेलाभर पाणी आलं. खुळखुळ तशीच. पाणी नेमकं कुठे आहे हे बघायला भोसरीहून मिस्त्रींना बोलावलं. ते फायबरच्या टाक्या आणि दारं करतात, होडीला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावला, पण फायबर त्यांना हाताला कळतं. त्यांनी खिशातून नाणं काढलं आणि तळावर ठोकत ठोकत पुढे गेले. सुक्या जागी टणटण, ओल्या जागी भद्द. नाळेपासून हातभर अंतरावर आवाज पार बसला.

रात्री त्यांनी दुसरी युक्ती केली ती मी विसरणार नाही. ड्रेनच्या भोकातून बारीक एलईडी दिव्यांची माळ आत सरकवली आणि अंगणातले सगळे दिवे बंद करायला लावले. या होडीच्या तळाला रंग मारलेला नव्हता, नुसतं पांढरं जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर. त्यामुळे पूर्ण तळ आतून उजळला आणि आतलं सगळं सावल्यांत दिसायला लागलं. फोमचे ठोकळे काळपट चौकोनांसारखे, पाण्यात खाली सोडायच्या मधल्या फळीच्या खोबणीच्या कडा, आणि पुढच्या बाजूला ठोकळा आणि तळ यांच्या मधोमध एक तिरकी रेघ. होडी जराशी कलवली की रेघ सावकाश सरकायची. ती पाण्याची पातळी होती. पुढचा एक ठोकळा बाकीच्यांपेक्षा चांगलाच गडद दिसत होता, तो पाणी प्यायलेला होता.

मग डेकला भोक पाडायचं ठरलं. भाचीचा जीव वरखाली होत होता, पण या वर्गाच्या नियमांत त्याला परवानगी आहे. आतला व्यास १५३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि झाकण पाणी न शिरणारं हवं. जागा निवडली डोलकाठीच्या भोकाच्या मागे, मध्यरेषेच्या जरा बाजूला, म्हणजे एक हात नळीच्या बुडाशी पोचेल. कापण्याआधी चिकटपट्टी लावून घेतली, नाहीतर जेलकोटचे टवके उडतात. मिस्त्रींनी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क घातला आणि मलाही घालायला लावला. काचेची ती धूळ कातडीत शिरली की दोन दिवस खाज जात नाही आणि फुप्फुसात तर ती जाताच कामा नये. कापलेली चकती हातात आली तेव्हा दिसलं की डेक म्हणजे फायबरच्या दोन पातळ थरांमधला फोम आहे. ही कापलेली कड उघडी सोडली तर डेकच पाणी प्यायला लागतो. म्हणून कडेला लगेच एपॉक्सीचा, म्हणजे वाळून टणक होणाऱ्या चिकट रेझिनचा, हात दिला.

आतून कुबट वास आला. मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत घातला आणि स्पंज, नळी, जुने टॉवेल यांनी जेवढं हाताला लागलं तेवढं काढलं. नाळ वर, मग मागची बाजू वर, मग कुशीवर. होडी प्रत्येक वेळी जुन्या टायरांवर टेकवायची, विटांवर नाही. पातळ तळाला एका बिंदूवर भार आला की तो आत दबतो. पंक्चरवाल्याने टायर तसेच दिले. पुन्हा काट्यावर चढवली, ६६.२. सव्वाचार लिटरच्या वर पाणी गेलं होतं आणि खुळखुळ थांबली होती. पुष्कळ लोक इथेच काम संपलं म्हणतात. पण उरलेलं पाणी वाहणारं नव्हतं. ते फोमच्या अंगात आणि ठोकळा व तळ यांच्या केसाएवढ्या फटीत होतं. अशा फटीतलं पाणी उतार दिला तरी उतरत नाही, ते धरून ठेवलेलं असतं.

इथे मी भाचीला जे सांगितलं ते तिला आधी पटलं नाही. "आता आत दोन बादल्या पाणी ओतूया." ती म्हणाली, "मामा, अरे आपण पाणी काढतोय ना?" पण आतलं पाणी समुद्राचं होतं. ते नुसतं सुकवलं तर पाणी जाईल आणि मीठ आतच राहील, फोमवर, तळावर, सांध्यांत. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं तेच मग होडीच्या पोटात होणार. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही ओल धरतात. जुलै-ऑगस्टमधलं पुणं त्या मर्यादेच्या वरच असतं, मुंबईचं तर विचारूच नका. आत मीठ असलेली होडी उन्हाळ्यात सुकते आणि एक थेंबही न गळता पावसाळ्यात परत ओली होते. लोक मग गळती शोधत बसतात.

म्हणून कॉर्पोरेशनचं पाणी आत सोडलं. बोअरचं नाही, आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीलाही पांढरा थर चढतो. थोडं पाणी घालायचं, दोघांनी दोन कडा धरून होडी टायरांवर सावकाश डोलवायची, मग ओतून टाकायचं. एका वेळी एका बादलीपेक्षा जास्त नको, कारण आत पाणी असताना होडी उचलली की सगळा भार एका टोकाला धावतो. धुवण झालं की शेवटचं चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत घालून उन्हात ठेवायचो. पहिल्या ताटलीत मिठाचे चौकोनी कण उमटले, बोटाला खरखरीत लागणारे. पुढच्या ताटल्यांमध्ये नुसती कडा, मग धुरकट डाग. शेजारच्या ताटलीत नळाचंच पाणी वाळवलं होतं, तिचा डाग आणि होडीतल्या पाण्याचा डाग सारखा दिसेपर्यंत धुवत राहिलो. भाचीला ते ताटल्यांचं काम फार आवडलं. तिने प्रत्येकीचा फोटो काढून ठेवला आहे.

आता वाळवणं. भोकावर टेबल फॅन लावून बघितला तर हवा भोकातून आत गेली आणि जवळच्याच रस्त्याने ड्रेनमधून बाहेर पडली. पुढे नाळेत, जिथे सगळी ओल होती, तिथे हवा हललीसुद्धा नाही. आतला कॅमेरा दाखवत होता की मागचा भाग कोरडा पडला तरी नाळेच्या भिंतींवर थेंब तसेच. बोहरी आळीतून भट्टीला वारा घालायचा छोटा ब्लोअर आणला, त्याला वॉशिंग मशीनचा आउटलेट पाइप जोडला आणि पाइप आतून सरकवत थेट नाळेच्या टोकाशी नेला. भोकातली उरलेली जागा फडक्याने बंद केली. म्हणजे हवा आधी टोकाला पोचणार आणि मग पूर्ण होडीतून परत येऊन ड्रेनमधून बाहेर पडणार, तिला दुसरी वाटच नाही. ठोकळे आणि तळ यांच्यामध्ये बांबूच्या पातळ कामट्या हलक्या हाताने सरकवल्या. एवढ्याशा फटीतूनही हवा खेळायला लागली. काम खरं इथे झालं, बाकी सगळी वाट बघणं होतं.

पुण्याच्या उन्हाळ्याला आपण नावं ठेवतो, पण वाळवणाला त्याच्यासारखं काही नाही. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ च्या आसपास आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या घरात. ३८ अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ४६ ग्रॅम बाष्प मावतं आणि त्या वेळी तिच्यात असतं जेमतेम नऊ ग्रॅम. ही हवा इतकी तहानलेली असते. २५ अंशांच्या हवेत मुळात २३ ग्रॅमच मावतं. म्हणून ब्लोअर दुपारी चालवायचा आणि ऊन उतरताना बंद करायचा नाही, ही गोष्ट ठसवून सांगतो. दिवसभर तापलेल्या फोममधून बाष्प आत भरलेलं असतं. ते तसंच ठेवून भोक बंद केलं तर रात्री वरचा डेक मोकळ्या आभाळाखाली गार पडतो आणि तेच बाष्प पुन्हा थेंब होऊन आतून गळतं. होडी हाताला गार लागेपर्यंत ब्लोअर चालू ठेवायचो आणि मगच झाकण लावायचो. मेच्या शेवटी पश्चिमेचा वारा दमट व्हायला लागला तसा सकाळचा ब्लोअर बंद केला.

घाई करू नये. शेजारच्या काकांनी हीट गन आणून दिली होती, त्यांचा हेतू चांगला होता, पण ती आत चालवली नाही. आतले फोमचे ठोकळे थर्मोकोलचे, थर्मोकोल ८० अंशांच्या पुढेमागे मऊ पडतं आणि ठोकळा आकसला की होडी तरंगती ठेवायचं त्याचं काम गेलं. काळी ताडपत्रीही उन्हात होडीवर थेट टाकली नाही, त्याच कारणाने.

वजन उतरत गेलं, पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीला भराभर, मग काटा जागचा हलेना, मग पुन्हा थोडंसं. शेवटी पुढे ३०.४ आणि मागे २९.७ वर थांबलं, म्हणजे ६०.१. टॉवेलने काढलेलं पाणी दोन्हीकडून सारखंच गेलं होतं. हवेने काढलेलं मात्र जवळजवळ सगळं पुढचं, साडेपाच किलो. दोन पट्ट्यांवर मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं.

आता पाणी आलं कुठून? डोलकाठीच्या नळीत काठोकाठ पाणी भरलं, पेन्सिलने खूण केली, रात्रभर ठेवलं. सकाळी पातळी बोटभर खाली. नळीचं बूड तळाला जिथे चिकटवलेलं असतं तिथे बारीक तडा होता. ही या होड्यांची ठरलेली दुखरी जागा आहे, कारण शिडाचा सगळा जोर तिथे येतो. बाकीच्या जागा शोधायला डेकच्या नव्या भोकावर झाकण बसवलं, ड्रेनमध्ये नळी घालून तोंडाने फुंकत राहिलो आणि भाचीने ब्रशने सांध्यांवर आणि स्क्रूंवर साबणाचं पाणी फिरवलं. तोंडानेच फुंकायचं. कॉम्प्रेसर लावला तर डेक तळापासून उखडायला वेळ लागत नाही. दोरीच्या कप्पीखालच्या दोन स्क्रूंभोवती बुडबुडे आले.

खरं कारण मात्र अगदी लहानसं निघालं. बसायच्या जागेच्या पुढच्या भिंतीत, पाय अडकवायच्या पट्ट्याच्या हुकाजवळ, या होडीला कारखान्यातूनच एक बारीक भोक असतं, श्वास घ्यायचं. जुन्या मालकाने ते सिलिकॉनने बुजवलं होतं. त्याला वाटलं असेल, भोक म्हणजे गळती. पण किनाऱ्यावर उन्हात होडीतली हवा ४५ अंशांपर्यंत तापते आणि तीच होडी २७ अंशांच्या पाण्यात उतरवली की हवा आकसते, शंभर लिटरमागे पाच-सहा लिटर. श्वासाचं भोक मोकळं असेल तर तेवढी हवा तिथून आत येते. ते बंद असेल तर पोटात ओढ तयार होते आणि प्रत्येक तड्यातून, प्रत्येक स्क्रूच्या कडेने समुद्रच आत ओढला जातो. हे दर वेळी पाण्यात उतरताना. मिस्त्रींना हे समजावून सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "टाकीला वरती हवेचं भोक ठेवतो तेच की." टाचणीने सिलिकॉन उकरून काढलं आणि भोक मोकळं केलं.

नळीच्या बुडाचं काम मिस्त्रींनी केलं. तडा ग्राइंडरने उघडला, ओल नाही ना हे बघायला तिथे प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवला, खाली बाष्प धरलं नाही तेव्हाच एपॉक्सी लावलं. कोपऱ्यात गोलाई भरून वर काचेच्या कापडाचे थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, म्हणजे जोर एका रेषेवर न येता पसरतो. स्क्रूंची भोकं मोठी करून एपॉक्सीने भरली आणि घट्ट झाल्यावर नव्याने पाडली. साधं पॉलिस्टर रेझिन इथे वापरू नये. नवं पॉलिस्टर जुन्या फायबरला एपॉक्सीइतकं धरत नाही, आणि आतल्या ठोकळ्यांना ते लागलं तर थर्मोकोल विरघळतं. नळी पुन्हा भरून रात्रभर ठेवली. खूण जागच्या जागी.

सगळं जोडल्यावर वजन ६०.९. वाढलेले आठशे ग्रॅम झाकणाचे आणि एपॉक्सीचे. पाऊस सुरू झाला तशी होडी पडवीत घेतली, ड्रेन आणि झाकण उघडं ठेवून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधला, नाहीतर आत पाली आणि गांधीलमाशा घर करतात. ऑगस्टमध्ये सिंहगडाकडून सतत धुकं उतरत होतं, कपडे वाळत नव्हते, अशा आठवड्यात मुद्दाम परत पट्टे चढवले. मिठाचं काम नीट झालं आहे की नाही याची परीक्षा तेव्हाच होणार होती. ६१.० भरलं. शंभर ग्रॅम काट्याच्या आणि दमट पट्ट्यांच्या अंगावर सोडून देता येतात.

पुढचा गडद ठोकळा काढून नवा बसवावा का, यावर मिस्त्री आणि मी बराच वेळ बोललो. रात्री दिव्यांची माळ पुन्हा घातली तेव्हा तो बाकीच्यांच्या जवळपास आला होता, पण अगदी तेवढा उजळ नव्हता. तो काढायचा तर डेक कापावा लागेल आणि अर्ध्या-पाऊण किलोसाठी चांगला सांधा उघडणं मला पटेना. तो राहू दिला. ऑक्टोबरमध्ये मुंबईचा मोसम सुरू होईल तेव्हा होडी खाली जाईल. भंगारवाल्याकडे मिळतो तसाच हुकाचा काटा भाचीने स्वतःसाठी घेतला आहे. दर महिन्याला पुढचं आणि मागचं वजन मला कळवायचं, आणि पाण्यातून आली की ड्रेन उघडून नाळ वर करायची, असं तिच्याशी ठरलं आहे.